आबांचे विहिरीतले मासे

दुसऱ्यांची घरं कागदावर बांधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. जळगावातल्या एका ऑफिसात मी नकाशे काढते. त्यामुळे स्वतःच्या परसात तळं करायचं ठरलं तेव्हा कोणाला काही विचारायची मला गरज वाटली नाही. ही न विचारण्याची खोड जुनी आहे. आमचे हे तिला आत्मविश्वास म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

तळं हवं होतं आबांच्या माशांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या अलीकडे हायवेला लागून आमचं शेत होतं. हायवे रुंद करायला घेतला, तेव्हा शेताचा एक तुकडा त्यात गेला आणि नेमकी विहीर त्या तुकड्यात आली. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आबा गावात एकटेच राहायचे, स्वतःचं रांधून खायचे. विहीर बुजवणार हे कळल्यावर त्यांचं जेवणावरून मन उडालं आणि मी त्यांना जळगावला आणायचा हट्ट धरला. बापाने लेकीच्या घरी कायमचं राहायला जायचं, हे त्यांच्या पिढीला पचत नाही. भाऊबंदांनी नाकं मुरडली. आबा खूप दिवस हो-नाही करत राहिले आणि मग एकाच अटीवर तयार झाले. विहिरीतले मासे बरोबर यायला हवेत.

विहिरीत मासे सोडायची आमच्याकडे जुनी पद्धत. पाणी साफ राहतं, अळ्या होत नाहीत. ते खायचे नसतात, आणि आबा तर माळकरी. रोज सकाळी ते उरलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन विहिरीवर जायचे, बादलीची कडी काठावरच्या दगडावर आपटायचे आणि वाकून भाकरी कुस्करायचे. त्यांची सावली पाण्यावर पडली की खालून काळ्या पाठी वर यायच्या आणि तोंडं उघडायची. विहिरीच्या तोंडावर कोणी वाकलं म्हणजे खायला मिळतं, एवढंच त्या माशांना जगाबद्दल ठाऊक होतं. लहानपणी मला वाटायचं, जगातले सगळे मासे असेच असतात.

त्यांना पकडायला काही खटपटच करावी लागली नाही. विणकाम निघालेल्या खाटेच्या चौकटीला मच्छरदाणी बांधली, चार दोर लावून ती पाण्यात सोडली आणि आबांनी तिच्यावर भाकरी कुस्करली. मासे आपण होऊन तिच्यात येऊन बसले. दोन प्लास्टिकच्या टिपांत, म्हणजे पिंपांत, ते घालून टेम्पोने निघालो. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती, पण आबा मागे टिपांपाशी बसले आणि जळगाव येईपर्यंत आळीपाळीने दोन्ही टिपांतलं पाणी हाताने हलवत राहिले.

घरात आबा पाहुण्यासारखे वागत. पंखा लावू का म्हणून विचारत. स्वतःचं ताट स्वतः विसळत. जावई समोर आले की खुर्चीत सावरून बसत. आमचे हे बिचारे त्यामुळे स्वतःच्या घरात दबकून वावरायला लागले. मात्र परसात गेले की आबांचा आवाज बदलायचा. तिथे ते मला हुकूम सोडायचे, इथलं गवत काढ, ते टिप सावलीत सरकव. मला ते ऐकायला फार आवडायचं. या घरात त्यांची म्हणावी अशी तेवढीच जागा होती, आणि ती टिकली तरच ते टिकतील हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागतं.

तर मी नकाशा काढला. लांबट गोल आकार, कडेने आत उतरणारी रुंद पायरी, पायरीवर गोटे आणि कुंड्या, मध्ये जेमतेम दोन फूट पाणी. वळणदार रेघ काढायला ऑफिसात कधी मिळत नाही, ती हौस मी इथे भागवून घेतली. आबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"खोल कर माय," ते म्हणाले. "उथळ पानीमा जीव ऱ्हास नही."

उथळ पाण्यात जीव राहत नाही म्हणे. मी त्यांना समजावलं. खाली कडक मुरूम आहे. नळाला रोज पाणी येत नाही, खोल खड्डा भरायचा कशाने. शिवाय ही बाग आहे, शेत नाही. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. आबांनी कागद नीट घडी करून मला परत दिला. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण मला ती पायरी हवी होती हे खरं कारण मी सांगितलंच नाही.

तळं दिसायला देखणं झालं. शेजारणी बघायला आल्या. आबा सकाळी काठावर उभे राहत, स्टीलची वाटी फरशीवर वाजवत, सावली पाण्यात पडे आणि मासे वर येत. पहिल्यांदा ते वर आले त्या दिवशी आबांनी माझ्याकडून चहा मागून घेतला. मागून घेतला म्हणून सांगते, एरवी ते दिला तरच घ्यायचे.

मेहरूणचा तलाव आमच्या घरापासून लांब नाही. तिथले पक्षी आमच्यावरून जाताना दिसतात, त्याचं मला कौतुकच होतं. एका रविवारी आबा देवळात गेले होते आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर तळ्यात राखी बगळा उभा. कमरेइतका उंच, मानेवर काळ्या रेघा. मी काढलेल्या पायरीवर तो उभा होता आणि पाणी त्याच्या गुडघ्याच्याही खाली होतं. पायरीचं माप त्याचे पाय मोजून काढलं असतं तरी इतकं चपखल बसलं नसतं. मला तो इतका सुंदर वाटला की मी फोन घेतला आणि फोटो काढायला लागले.

मग त्याची सावली पाण्यावर सरकली आणि मासे वर आले. सगळे आले, तोंडं उघडून. त्याला मान झटकायचीही गरज पडली नाही, त्याने नुसती खाली केली आणि एक उचलला. बाकीचे तरीही तिथेच होते, भाकरीची वाट बघत. माझ्या हातात फोन तसाच राहिला. मी ओरडत बाहेर गेले तोवर तो गच्चीच्या उंचीवर गेला होता.

आबा आल्यावर मी त्यांना बगळा आला होता एवढं सांगितलं. मासे आपण होऊन त्याच्याकडे गेले हे सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे तुमच्या मायेने त्यांचा घात केला असं सांगणं होतं, आणि तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. खरं तर घात पायरीने केला होता. पण तेही मी सांगितलं नाही.

त्यानंतर घरात बगळ्याशिवाय दुसरा विषय राहिला नाही. आबांनी बुजगावणं केलं आणि त्याला ह्यांचा चांगला निळा शर्ट घातला. ह्यांनी मूग गिळले. चार दिवसांनी बगळा त्या बुजगावण्याशेजारीच उभा दिसला, दोघं ओळखीचे असावेत तसे. मी चमकत्या पट्ट्या बांधल्या, त्या वाऱ्याने फडफडल्या की फक्त आमची झोप उडायची. मग मी केळीच्या बागेवर टाकतात तसली जाळी आणून पूर्ण तळ्यावर ताणली. बगळ्याला तिने रोखलं, पण आबांची भाकरीही जाळीवरच अडकून राहायला लागली. तिला मुंग्या लागल्या, साळुंक्या आल्या, आणि एका साळुंकीचा पाय जाळीत गुंतला. आबांनी विळ्याने जाळी कापली, पक्षी सोडवला आणि उरलेली जाळी गुंडाळून माझ्यासमोर ठेवली. तोवर आणखी तीन-चार मासे गेले होते.

शेवटी मी हार मानली, मासे पुन्हा टिपांत ठेवले आणि तळं फोडलं. या वेळी नकाशा काढला तो बगळ्याला समोर ठेवून. तो कुठे उतरेल, कुठे उभा राहील, त्याची मान किती लांब पोचेल. पायरी तोडून टाकली. मशीन लावून मुरूम फोडला आणि खोली छातीएवढी केली. भिंती सरळ उभ्या, पाय टेकायला कुठेही जागा नाही. काठ विटांनी वर उचलला आणि पाणी त्याच्या हातभर खाली ठेवलं. तळाशी सिमेंटच्या पाइपांचे तुकडे आडवे टाकले, माशांना लपता यावं म्हणून. वर कमळाची पानं सोडली. आबा रोज काम चालू असताना शेजारी बसून असायचे. झाल्यावर त्यांनी आत वाकून पाहिलं आणि ही तर हिरच झाली असं म्हणाले. आमच्याकडे विहिरीला हिर म्हणतात. मी एवढी खूश झाले की आधीच केली असती तर, हा विचार दोन दिवस माझ्या जवळ फिरकलाही नाही.

तिसऱ्या दिवशी बगळा विटांच्या काठावर येऊन उभा राहिला. आत उतरणं त्याला शक्य नव्हतं. माशांनी खाली राहायचं होतं, बस. पण त्याची सावली पडली आणि पाइपांवरून, कमळाच्या पानांमधून वाट काढत मासे वर आले, अगदी काठाला लागून, त्याच्या चोचीच्या टप्प्यात. लपायला मी त्यांना घरं बांधून दिली होती. लपायचं असतं हेच त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं आणि संधीची वाट पाहिली. ती लवकरच मिळाली. गावात आमच्या भाऊबंदांकडे लग्न निघालं आणि आबा आठवडाभरासाठी धुळ्याकडे गेले. जाताना माशांची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली. भाकरी शिळी चालेल, पण भात घालू नको, त्याने पाणी खराब होतं, असं दोनदा सांगून गेले.

मी परसातला खराटा घेतला. आबांसारखी काठावर उभी राहिले, त्यांची वाटी वाजवली आणि वाकले. मासे वर आले. मी खराटा जोरात पाण्यावर मारला. ते इतके गोंधळले की पळालेही नाहीत, तिथेच गोल फिरले. एक तर पुन्हा वर आला. त्याच्या डोक्याजवळ मी दुसरा फटका मारला. ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर मी हे करत होते. कधी वाटी वाजवून, कधी न वाजवता, कधी काळी छत्री उघडून तिची सावली पाण्यावर धरून. खायला मी काठामागून टाकायचे, मी दिसणार नाही अशी. ह्यांनी एकदा दारातून पाहिलं आणि हे आबांना चालेल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आबांना मासे जिवंत हवेत की नकोत. माझ्याकडे उत्तरं नेहमी तयार असतात.

आणि मला ते जमायला लागलं, हे कबूल करायला हवं. फटका कधी मारायचा, किती जवळ मारायचा याचा अंदाज आला. त्यांची तोंडं उघडण्याआधीच मारायचा. आबा यायच्या आदल्या दिवशी मी नुसती काठाजवळ गेले तर पाण्यात एक काळी लकेर उठली आणि सगळे पाइपांत. संध्याकाळी बगळा आला. बराच वेळ उभा राहिला, मान इकडून तिकडे केली आणि उडून गेला. मी ह्यांना बोलावून दाखवलं, रात्रीच्या जेवणाला शिरा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आले. गावाहून बाजरीचं पीठ आणलं होतं आणि एका फडक्यात कोणाकडून तरी मागून घेतलेली कळण्याची भाकरी. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तसाच ठेवून ते मागे गेले. मी दारात उभी होते. ते काठाशी गेले, वाटी वाजवली, वाकले. पाण्यात लकेर उठली आणि सगळं शांत झालं.

त्यांनी पुन्हा वाटी वाजवली. मग भाकरी टाकली, ती तरंगत राहिली. मग त्यांनी माशांना हाक मारली. गावी असताना ते त्यांना हाक मारायचे हे मला माहीतच नव्हतं, लहानपणानंतर सकाळी त्यांच्याबरोबर विहिरीवर मी कधी गेलेच नव्हते. ऊन डोक्यावर होतं आणि आबा वाकून उभे होते. मला खरं तर तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मी आत जाऊन ताट वाढायला घेतलं.

जेवताना ते माशांबद्दल म्हणाले, "आते त्या माले वळखतस नही." एवढंच, आणि पीठ चाळून डब्यात भरायला सांगितलं.

त्यांचं कारण त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. ते इतके दिवस सोडून गेले म्हणून मासे रुसले. विहिरीवर असताना ते एक दिवसही कुठे राहायला गेले नव्हते, लग्नाला नाही की दिवसकार्याला नाही. मग ते मासे मनवायला लागले. सकाळी जायचे, दुपारी जायचे. तूप लावून भाकरी नेली. बाजरी नेली. धोतर पांढरं आहे म्हणून असेल, असं वाटून एक दिवस माझी जुनी हिरवी ओढणी खांद्यावर घेऊन गेले. मी ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या घरांच्या खिडक्या काढत होते आणि डोळ्यांसमोर ती ओढणी होती. मला स्वतःचा राग येत होता आणि तो राग मी घरी येऊन भांड्यांवर काढत होते. सांगावं असं रोज वाटायचं. रोज वाटायचं, मासे विसरतील, पुन्हा वर येतील, न सांगताच भागेल. पण ते विसरले तर बगळा होताच. मी अशी गाठ बसवून ठेवली होती की कुठूनही सोडवली तरी काहीतरी मरणार होतं.

मग एका सकाळी मी आबांना खाली बसलेलं पाहिलं. विटांच्या काठामागे, ओल्या मातीत, पाठ वाकवून, डोकं काठाच्या वर दिसू नये असे ते बसले होते. त्यांचे गुडघे दुखतात, घरात ते पाटावरही बसत नाहीत. एक हात वर करून ते काठावरून भाकरीचा एकेक कण पाण्यात टाकत होते आणि कान देऊन ऐकत होते. आतून बुडबुड आवाज आला की त्यांचा चेहरा उजळायचा. मासे खात होते आणि आबांना ते दिसत नव्हते. ते चोरासारखे लपले होते, आणि मीही महिनाभरापूर्वी ह्याच जागी लपून भाकरी टाकली होती.

मी जाऊन त्यांच्याशेजारी मातीत बसले आणि सगळं सांगितलं. आबांशी बोलताना माझ्याही तोंडी अहिराणीच येते, पण त्या दिवशी मध्येमध्ये ऑफिसची मराठी येत होती, माझ्या लक्षात येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. मासे बगळ्याकडे आपण होऊन गेले होते ते सांगितलं. पायरी मला हौसेसाठी हवी होती ते सांगितलं. खराटा सांगितला, छत्री सांगितली, तुमचीच वाटी वाजवून मारलं तेही सांगितलं. ते तुमच्यावर रुसलेले नाहीत, मी त्यांना माणसाची भीती घातली आहे. रडू येत होतं, पण रडले असते तर आबांनी मलाच समजावलं असतं, आणि तेवढं तरी मला नको होतं.

आबा हातातल्या भाकरीकडे बघत होते. रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेला तुकडा हळूच काठावरून आत सोडला. मग म्हणाले, "बरं करं माय तू. माले ते जमतं नही."

मी केलं ते बरं केलं, त्यांना ते जमलं नसतं. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मनाकडे उनात तं बगळाकडेबी जातीन."

माझ्याकडे आले तर बगळ्याकडेही जातील. मग त्यांनी उठायला माझा खांदा धरला, धोतराची माती झटकली आणि आत निघून गेले. दिवसभर नेहमीसारखे होते. संध्याकाळी जावयांबरोबर बातम्या बघितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि परसातून पाण्यावर फटका मारल्याचा आवाज आला. बगळा आला असं वाटून मी खिडकीशी धावले. काठावर आबा उभे होते, हातात खराटा. त्यांनी वाटी वाजवली, वाकले आणि सावली पडताच खराटा पाण्यावर मारला. नंतर तो भिंतीला टेकवला, भाकरी कुस्करून टाकली आणि मासे वर येतात का हे न बघता हात धुवून आत आले. तेव्हापासून रोज असंच चाललंय. भीती जुनी होऊ नये म्हणून, असं त्यांनी ह्यांना सांगितलं, मला नाही. बगळा आता येत नाही. मासे चांगले वाढलेत असं आबा म्हणतात, टाकलेली भाकरी लगेच संपते त्यावरून.

फटका मारताना आबा तोंड दुसरीकडे फिरवतात, एवढं मी पाहिलं. त्यानंतर सकाळी मी खिडकीत जात नाही.